अंड्यांच्या खोक्यातले चेंडू

ठिपका आकड्याच्या बरोबर खाली होता. टाचणीच्या डोक्याएवढा, निळा, कडेला कुठेही न पसरलेला. हेक्टरने चेंडू खिडकीच्या उजेडात धरून फिरवला. गोल्फच्या पिशवीच्या तळाशी, वाळून कडक झालेल्या हातमोज्याखाली तो सापडला होता. पांढरा रंग पिवळट पडला होता, पण ठिपका जागच्या जागी होता. त्याच्या शेजारी हेक्टरने नंतरच्या एका वर्षातला चेंडू ठेवला. त्यावरचा ठिपका किंचित उजवीकडे सरकलेला होता. त्यापुढच्यावर तो आकड्याला जाऊन चिकटला होता. आणि शेवटच्यावर दोन ठिपके होते, एक खाली आणि एक भलतीकडेच; पहिला देऊन झालाय हे देणाऱ्या हाताला आठवलं नसावं.

हेक्टरची सगळी नोकरी बंदरावरच्या मासळीच्या शीतगृहात फिटर म्हणून गेली. यंत्राचा आवाज जरा बदलला की ते बिघडायच्या आधीच त्याला कळायचं. हे चेंडू दर मे महिन्यात त्याच्या हातात आले होते, त्याने ते मारले होते, धुतले होते. पण असे एका रांगेत ठेवून त्यांच्याकडे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"हे कुणाचे?" ऊनाने विचारलं.

ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. तिच्यासमोर अंड्यांचं पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि त्याच्या एकेका खळग्यात एकेक कोरा चेंडू.

"माझे."

"मोठे आहेत." तिने एक उचलला, कानाशी नेऊन हलवला. "उकडलेत का?"

"नाही गं. गोल्फचे चेंडू आहेत. आज दुपारी मी डोंगरात जाणार ना, डूगल, फिनली आणि इन्नेसबरोबर. तू ठिपके देतेस त्यांच्यावर."

"इन्नेसला डबा दिला?"

इन्नेस तिचा धाकटा भाऊ. सुतारकामातून निवृत्त होऊनही त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

"दिला."

"मग ठीक. नाहीतर आई ओरडते मला." तिने चेंडू टेबलाच्या कडेवर आपटला. टक्. पुन्हा टक्. "फुटत नाही मेलं."

हेक्टरने तिच्या हातातला चेंडू सोडवला नाही. दुसऱ्या हातात निळं पेन दिलं. आधी तिने पेनाकडे पाहिलं, मग जिभेचं टोक दातांत धरून ती चेंडूवर वाकली. तिचं वाकणं तेच होतं, मानेचा बाकही तोच. पेन उचललं गेलं तेव्हा आकड्याच्या बरोबर खाली एक ठिपका होता. टाचणीच्या डोक्याएवढा.

"दे पुढचा," ती म्हणाली.

पुढचाही तसाच उमटला. हेक्टरने तिसरा पुढे केला. तिसऱ्यावर तिने ठिपका दिला, त्याच्या शेजारी आणखी एक दिला, मग त्या दोघांच्या मध्ये एक.

"झालं आता. खाली ठेव."

"झालं कुठं?" ती चिडली. "हे बघ, इथं सगळं राहिलंय की."

चेंडू पूर्ण निळा होईपर्यंत ती थांबली नाही. हेक्टरने थांबवलंही नाही.

ठिपक्यांची सुरुवात त्यांच्या लग्नाच्या वर्षी झाली होती. त्या मे महिन्यात चौथ्या होलवर हेक्टरने इन्नेसचा चेंडू स्वतःचा समजून मारला. दोन्ही एकाच कंपनीचे, दोन्हींवर तोच आकडा. गोल्फमध्ये दुसऱ्याचा चेंडू मारला की तो होल हातचा गेला. तिथे सबबी चालत नाहीत. हेक्टर सामना हरला. घरी येईपर्यंत इन्नेसने ती गोष्ट तिखटमीठ लावून तीनदा सांगितली होती, आणि बहिणीसमोर चौथ्यांदा सांगितली. ऊनाने ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आण ते सगळे इकडे. या कार्ट्याला पुन्हा बोलायला जागा ठेवायची नाही."

तेव्हापासून दर मे महिन्यात चौघं डोंगरात जात होते. मैदान कसलं, दरीत मेंढ्यांच्या कुरणावर कुणी तरी नऊ होल खणून ठेवले होते. मेंढ्या येऊ नयेत म्हणून प्रत्येक होलच्या हिरवळीभोवती तारेचं कुंपण. दारात कुणी माणूस नाही. लाकडी पेटीत पैसे टाकायचे आणि खेळायला लागायचं. तिसऱ्या होलला ओढा ओलांडून मारावं लागे. समोरच्या घळीत मेमध्येसुद्धा बर्फाची एक पट्टी उरलेली असे, आणि गवतातून टिटव्या ओरडत उठत. रात्री पेट्रीबाईंच्या घरी दोन खोल्या, सकाळी ओटची लापशी. पहिल्या काही वर्षांत ऊनाही आली होती. तिला खेळायचं नसे. ती दगडी बांधावर बसून राही आणि चेंडू हेदरच्या झुडपांत गेला की उठे. हरवलेला चेंडू शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चौघं काठ्यांनी झुडपं बडवत बसत आणि ही सरळ चालत जाऊन वाके. "तुम्ही मारल्यावर आपल्याच हातांकडे बघता," ती म्हणे. "तो कुठं पडला ते बघतच नाही."

गेली दोन वर्षं हेक्टर गेला नव्हता. तिघं गेले. फिनलीच्या मेव्हण्याला यायचं होतं, पण त्यांनी त्याला घेतलं नाही. तिघांत जोड्या जमेनात, एक जण उरायचा, तरी नाही घेतलं. पेट्रीबाई चौथ्या पलंगावरही स्वच्छ चादर घालून ठेवत, असं डूगलने परत आल्यावर सांगितलं होतं.

या वर्षी डूगलने मागे लागून ठरवलं होतं. टेकडीवरच्या शुश्रूषागृहात ऊनासाठी तीन रात्रींचा पलंग. शुक्रवारी जायचं, सोमवारी परत. गेला आठवडाभर हेक्टर रेडिओवर डोंगरातलं हवामान ऐकत होता. शेडमध्ये काठ्यांना तेल लावता लावता एकदा त्याच्या लक्षात आलं, की आपण शिट्टी वाजवतोय. तो थांबला. त्या शिट्टीचीच त्याला शरम वाटली होती.

आणखी एक गोष्ट होती, ती त्याने कुणालाच सांगितली नव्हती. मंगळवारी शुश्रूषागृहाच्या मुख्य परिचारिकेचा, शोनाचा फोन आला होता. तीन रात्रींचं पक्कं आहे, ती म्हणाली; पण समुद्राकडची एक खोली रिकामी झालीय, कायमची हवी असेल तर. खोली कशी रिकामी झाली ते हेक्टरने विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात ऊना पहाटे झोपायच्या कपड्यांत बंदराच्या धक्क्यावर सापडली, त्यानंतर त्याने स्वतःच जाऊन तिचं नाव नोंदवलं होतं. त्यानंतर दोनदा खोली निघाली होती. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "इतक्यात नको."

"या वेळी नीट विचार करा," शोना म्हणाली होती. "शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांगा. मग मला दुसऱ्यांना द्यावी लागेल."

दार वाजलं. एरवी डूगल ते उघडायची वाट बघत नसे. आता मात्र आतला वरचा बोल्ट निघेपर्यंत त्याला थांबावं लागलं. ऊनाचा हात पोचू नये म्हणून हेक्टरने तो दाराच्या माथ्याजवळ बसवला होता. डूगलचं कसायाचं दुकान आता मुलगा चालवत होता. त्याच्या हातात कागदाची तेलकट पिशवी होती. तिच्यात मटण भरलेल्या करंज्या, अजून गरम.

"अरे, तू अजून चपलांवरच? दोन वर्षं बिछान्याचं भाडं भरतोय आम्ही तुझ्या, आणि साहेब इथे लोकरी चपला घालून फिरतायत!"

"येतोय की."

"येतोय म्हणे. ऐक, रात्रीचं ठरलं. फिनलीच्या खोलीत तू."

"मी का?"

"दोन वर्षं मी झोपलोय त्याच्या शेजारी. घोरणं नाही ते, लाकडाची वखार आहे. आता तुझी पाळी."

ऊनाने मान वर केली. "कोळसा मागच्या दारानं टाका," ती डूगलला म्हणाली. "पुढचं आत्ताच पुसलंय."

"टाकतो, मालकीणबाई. पण चहा लागेल हं आधी."

"चहा पाहिजे म्हणे!" ती खळखळून हसली. "लग्न झालंय का तुझं?"

"झालं होतं."

"मग ती देईल की चहा."

डूगलही हसला. त्याची बायको जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. त्याने करंजीचा तुकडा मोडून ऊनाच्या हातावर ठेवला, आणि ठेवताना तो थबकला. तिच्या मनगटाभोवती हिरवट-पिवळा व्रण होता. बोटांच्या आकाराचा.

हेक्टरने किटलीखाली गॅस लावला. पाठ फिरवूनच तो बोलला.

"मी धरलं होतं."

डूगलने तिची बाही हळूच मनगटावर ओढली.

"गॅस चालू, तिची बाही ज्योतीवर. मी मनगट धरून ओढलं. ती तिकडे ओढतेय, मी सोडेना. मग ती रडायला लागली. म्हणाली, 'साहेब, सोडा मला. मी काही चोरलं नाही तुमचं.'"

"अरे, भाजली असती ती."

"ते खरं रे. पण बाही बाजूला झाल्यावरसुद्धा मी सोडलं नव्हतं." किटली गुणगुणायला लागली. "मला राग आला होता, डूगल."

डूगलने टेबलावरचा पूर्ण निळा चेंडू उचलला, पाहिला आणि परत खळग्यात ठेवला. त्याची बोटं निळी झाली.

"इन्नेसला सांगितलंस?"

"काय सांगू? तो रविवारी तासभर येतो. त्या तासात ही नीट बसते, 'घे ना केक' म्हणते, सगळं करते. तो गेला की दोन दिवस तिचं काही खरं नसतं. तो म्हणतो, मला तर ओळखते ती, तूच फार डोक्यात घेतोस. तीन रात्रींनाच कसाबसा तयार झालाय. सोमवारी घरी सामान टाकायच्या आधी सरळ तिला आणायला जायचं, म्हणतो. शप्पथ घ्यायला लावली त्याने मला."

"ऊना-इन्नेसच्या आईचं शेवटपर्यंत सगळं घरीच झालं ना."

"तेच सांगतो तो. दर वेळी."

"त्यांच्या आईचे नुसते गुडघे गेले होते, डोकं ठिकाणावर होतं." डूगलने चहा ओतून घेतला. "तीन रात्रींत तुझी झोप भरून निघेल, हेक्टर. आणि चौथ्या रात्री काय?"

हेक्टरने खोलीचं तेव्हाही सांगितलं नाही. ऊनाच्या हनुवटीवरचा करंजीचा चुरा त्याने रुमालाने टिपला.

दुपारी तो तिला टेकडीवर घेऊन गेला. लहान सुटकेस, तिचा राखाडी कोट. काठ्या आणि त्याची पिशवी सकाळीच डूगलने गाडीसाठी नेली होती. चेंडूंचं खोकं मात्र ऊना सोडेना, म्हणून ते तिच्या मांडीवरच आलं.

शुश्रूषागृहाच्या दारात तिने पायपुसण्यावर बूट नीट पुसले, केसांवरून हात फिरवला आणि पुढे आलेल्या शोनाशी हात मिळवला.

"रस्ता फार वळणांचा आहे हो," ती म्हणाली. "पण दर वर्षी आल्यावर बरं वाटतं." मग हेक्टरकडे वळून हळूच, "पेट्रीबाईंनी पडदे बदलले."

"हो," हेक्टर म्हणाला. "छान आहेत."

त्याने ठरवून ठेवलं होतं, की ती रडली, दार धरून बसली, तर तिला उचलून घरी न्यायचं आणि इन्नेसला फोन करून सांगायचं, तुम्ही तिघं जा. मनाशी त्याने ती वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. हिने तर कोट काढून खुंटीला लावलासुद्धा.

तीन रात्रींचा पलंग आणि ती रिकामी खोली एकच होती. खिडकीतून समुद्र दिसत होता, आणि त्याच्या अलीकडे उतारावर गॉर्सची पिवळी फुलं. ऊना खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. तिने खोकं उघडलं, हात पुढे केला. पेन कुठंय, असा तो हात होता. हेक्टरने खिशातून निळं पेन काढून दिलं.

"हे राहू दे ना तिच्याकडे?" त्याने शोनाला विचारलं. "डाग पडतील चादरीवर."

"पडू देत. धुतोच आम्ही."

"चहात दोन चमचे साखर. आंघोळीला डोक्यावरून पाणी सोडू नका, घाबरते. आणि रात्री उठली तर... रात्री उठली तर कुणी तिला मनगटाला धरू नका. खांद्यावर हात ठेवला की चालते ती बरोबर."

"लक्षात ठेवीन." शोना त्याच्याबरोबर दारापर्यंत आली. तिने आवाज खाली घेतला. "मी तुमच्यावर जोर करत नाही. पण संध्याकाळपर्यंत, हेक्टर. पुढचं कुटुंबही वाट बघतंय."

"फोन करतो."

तो परत आत गेला आणि खुर्चीजवळ वाकला. ऊनाने तेवढ्या वेळात दोन चेंडू संपवले होते. तिसरा निम्मा निळा झाला होता. तिच्या चेहऱ्यावर कसलीही घाई नव्हती. घरी असं शांत बसलेलं त्याने तिला कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना.

"निघतो मी."

"हं."

त्याने तिच्या केसांवर ओठ टेकले. ती जरा बाजूला सरकली. उजेड अडत होता.

तो दारात पोचला तेव्हा ती चेंडूवरची नजर न काढता म्हणाली, "हरवला तर हाक मार. नुसतं बडवत बसू नका तुम्ही."

बाहेर इन्नेसची गाडी उभी होती. इन्नेस खाली उतरून बॉनेटला टेकून वाट बघत होता. बहिणीसारखंच लांबट तोंड, तशाच भुवया.

"रडली?"

"नाही."

"बघ, मी म्हणत नव्हतो? समजूतदार आहे ती. तिला माहितीय, तीन रात्रींचाच प्रश्न आहे."

हेक्टर पुढे बसला. मागे डूगल आणि फिनली. फिनलीच्या मांडीवर कागद पसरलेला होता आणि त्याची तिसरी करंजी चालली होती.

"आलास रे बाबा!" त्याने तेलकट हाताने हेक्टरच्या पाठीत थाप मारली. "आता चौघं झालो. दोन वर्षं हे दोघं एका बाजूला आणि मी एकटा. सगळे म्हणायचे, फिनली हरतो. अरे, जोडीदार नको?"

"तुला जोडीदार मिळाला तरी तू हरणारच," डूगल म्हणाला.

"डोंगरातली हवा विरळ असते. चेंडू लांब जातो तिथे. बघच तू या खेपेला."

"लांब जातो, पण हेदरमध्ये."

गाव मागे पडलं. बटाट्यांची शेतं लागली, मग कुंपणाच्या भिंती, मग मेंढ्या. हेक्टर खिडकीची काच खाली करून बसला होता. गवताचा वास आत येत होता. दोन वर्षं हा वास त्याच्या मनात होता, आणि तो आठवत होता तसाच निघाला. त्याला आनंद झाला. तिला मागे ठेवून आल्याचं दुःख होतंच, तरी तो झालाच. असं दोन्ही एकदम होऊ शकतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

दरीच्या तोंडाशी जुना दगडी पूल होता. पुलावर गाडी आली की इन्नेसने आवाज चढवायचा आणि प्रत्येकाने आपल्या चेंडूवरची खूण सांगायची, ही त्यांची रीत. हेक्टरने तो परका चेंडू मारला त्याच्या पुढच्या वर्षीपासून ती सुरू झाली होती. तशी थट्टाच, पण एकाही वर्षी चुकलेली नव्हती.

"खुणा!" इन्नेस ओरडला. "पुन्हा कुणी माझा चेंडू मारायला नको. माझी, काळी फुली. डूगल?"

"दोन तांबड्या रेघा."

"फिनली?"

"एफ. पण तो पुसला गेलाय."

"दर वर्षी पुसतो. हेक्टर? निळा ठिपका, काय?"

हेक्टर समोर बघत होता. वळणापलीकडे डोंगर उघडा झाला होता, आणि घळीत बर्फाची पट्टी होती, या वर्षी जरा अरुंद.

"माझ्याकडे चेंडू नाहीत."

"म्हणजे?"

"तिच्याकडे राहिले. खोक्यासकट."

"सगळे?" फिनलीने विचारलं. डूगलने त्याला कोपराने ढोसलं.

"असू दे रे," इन्नेस म्हणाला. "माझ्यातले घे. ठिपके तूच दे या वर्षी. तुझे काय, सोमवारी मिळतीलच की, तिला आणायला जाऊ तेव्हा."

पूल संपला. रस्त्याच्या कडेला, गाड्यांना बाजू द्यायला ठेवलेली थोडी रुंद जागा होती.

"इन्नेस, गाडी जरा कडेला घे."

"का? मळमळतंय?"

"घे ना."

इन्नेसने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. गवतातून एक टिटवी ओरडत उठली आणि ओढ्यापलीकडे गेली. ती कुठे उतरली ते हेक्टरने नीट पाहून घेतलं. मग तो मेव्हण्याकडे वळला.

"सोमवारी तिला आणायचं नाही," तो म्हणाला. "ऊना आता तिथंच राहील."